नेमप्लेटवरचं अधिकचं चिन्ह

आमच्या कॅलिब्रेशन लॅबमधे (मोजमापाची इन्स्ट्रुमेंट्स बरोबर दाखवतात का ते तपासायची जागा) एक नवीन ट्रेनी मुलगा आलाय, डिप्लोमा झालेला, हुशार आहे पण प्रश्न विचारायची त्याची वेळ नेमकी चुकीची असते. परवा मी डेड वेट टेस्टरवर, म्हणजे वजनं ठेवून नेमका दाब देणाऱ्या यंत्रावर, एक प्रेशर ट्रान्समीटर चढवला होता, वजनांची चकती हलकेच फिरवून सोडलेली, रीडिंग स्थिरावायची वाट बघतेय, आणि हा शेजारी उभा राहून दुसऱ्या टेबलावरच्या, टाकीतली लेव्हल मोजायच्या इन्स्ट्रुमेंटची नेमप्लेट वाचतोय. "मॅडम, हे ई अँड एच म्हणजे काय?" मी म्हटलं कंपनी आहे, मोजमापाची इन्स्ट्रुमेंट्स बनवणारी. "ते कळलं हो, पण ई कोण आणि एच कोण?"

आता खरं सांगायचं तर मी या लायनीत बावीस वर्षं आहे, मकरपुऱ्यापासून नंदेसरीपर्यंत बडोद्यातले निम्मे टँक मी वरून वाकून बघितलेत, आणि पहिली चार-पाच वर्षं मला वाटायचं की एन्ड्रेस हाउझर हा एकच माणूस आहे. म्हणजे आडनाव हाउझर आणि नाव एन्ड्रेस. प्लँटवर सगळे एका दमात "एन्ड्रेसाउझर" म्हणतात त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं (असं मी स्वतःला सांगते). मधे अधिकचं चिन्ह आहे हे दिसायचं, पण ते काहीतरी डिझाइन असेल, हल्ली सगळेच लोगोत काहीतरी घुसवतात, असा माझा समज. नंतर खरी गोष्ट कळली आणि तेव्हापासून ती नेमप्लेट दिसली की मला माझ्या काकांच्या गेज दुरुस्तीच्या शेडवरचा बोर्डच आठवतो. तर पोराला जे पाच मिनिटांत सांगितलं ते इथे जरा ऐसपैस लिहिते.

ई म्हणजे गेओर्ग एन्ड्रेस, स्विस इंजिनियर. एच म्हणजे लुडविग हाउझर, जर्मन, आणि हा इंजिनियर वगैरे काही नाही, हा बँकेचा माणूस, सहकारी बँक सांभाळणारा, आपल्याकडच्या भाषेत नागरी सहकारी बँकेचे मोठे साहेब. १ फेब्रुवारी १९५३ ला जर्मनीत ल्योराख नावाच्या गावात दोघांनी मिळून कंपनी काढली. एन्ड्रेस २९ वर्षांचा होता आणि हाउझर ५८ चा! म्हणजे बरोबर दुप्पट. आमच्याकडे गुजरातेत ५८ ला सरकारी नोकरीतून शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतात, आणि या बाबाने त्या वयात २९ वर्षांच्या पोराबरोबर धंदा सुरू केला. मला तर या गोष्टीत एन्ड्रेसपेक्षा हाउझरच जास्त आवडतो. तरुण इंजिनियरने कंपनी काढणं यात नवल नाही, त्यांना तेवढीच अक्कल असते, पण आयुष्यभर लोकांच्या कर्जाच्या फायली बघितलेला माणूस जेव्हा म्हणतो की ठीक आहे, यात मी उतरतो, तेव्हा त्याने काय हिशेब केला असेल हे मला ऐकायला आवडलं असतं.

आणि मजा म्हणजे कंपनीचं पहिलं नाव एन्ड्रेस हाउझर नव्हतंच. एल. हाउझर असं होतं. ज्याचं डोकं त्याचं नाव नाही, ज्याचा गल्ला त्याचं नाव. हे काकांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, का ते पुढे येईल.

दुसरी गोष्ट जी लोकांना खोटी वाटते ती म्हणजे यांनी सुरुवातीला स्वतःचं काही बनवलंच नाही. इंग्लंडमधे तेव्हा टँकमधली लेव्हल मोजायची नवीन इलेक्ट्रॉनिक इन्स्ट्रुमेंट्स निघाली होती, ती आणून विकायची, बस. एजन्सी. दारोदार फिरून लोकांना समजावायचं की तुमच्या टाकीत माल किती आहे हे आत न बघता कळू शकतं. मग गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत ऐकत, काय चालतं काय बंद पडतं हे बघत बघत हळूहळू स्वतःची बनवायला लागले. आमच्याकडे ज्याला "ट्रेडिंगवाला आहे" म्हणून नाक मुरडतात तिथूनच ही गाडी सुटलेली आहे.

१९५३ ला हे विकणं किती अवघड असेल याचा विचार करा. टँकमधे किती आहे हे बघायचे तेव्हाचे उपाय म्हणजे फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा, नाहीतर बाहेरून लावलेली काचेची नळी, नाहीतर सरळ वर चढून पट्टी सोडायची. पट्टी सोडणं अजून चालू आहे बरं का, रिफायनरीवाले डिप टेपला पेस्ट लावून खाली सोडतात, पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो, लेव्हल मोजायला रडार लावलेल्या टँकवरसुद्धा खात्री करायला हेच. तर त्या काळात, म्हणजे घरात व्हॉल्व्हवाला रेडिओ असण्याच्या काळात, एक माणूस येऊन सांगतो की टाकीत एक सळई सोडा, ती सळई आणि टाकीची भिंत मिळून एक कपॅसिटर होतो, म्हणजे वीज साठवणारी जोडी, मधे हवा असली की कपॅसिटन्स (साठवायची क्षमता) एवढा, माल भरत गेला की तेवढा वाढत जातो. मधल्या मालामुळे ही क्षमता किती पट होते तो डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट, हवेचा १ धरा, तेलाचा साधारण २, पाण्याचा ८० च्या आसपास, म्हणजे पाणी चढायला लागलं की फरक केवढा पडेल बघा. हलणारा एक भाग नाही, अडकायला फ्लोट नाही, फुटायला काच नाही. ऐकायला जादू. जुना फोरमन काय म्हणाला असेल ते मी पैजेवर सांगते, "आधी वर चढून पट्टी टाक, मग तुझ्या डब्याशी जुळतंय का ते बघू."

आता हे ल्योराखलाच का झालं तर नकाशा बघितला की कळतं. गाव जर्मनीत पण स्वित्झर्लंडच्या अगदी वेशीवर, पलीकडे बासेल. आणि बासेल म्हणजे केमिकल आणि औषधांचं माहेरघर, सीबा, गायगी, सँडोझ, हॉफमन ला रोश सगळे तिथले. टँकच टँक. (ल्योराखमधे मिल्का चॉकलेटचा कारखाना पण आहे, माझ्या मुलीला कंपनीच्या गोष्टीत एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटली.) मोजमापाचा धंदा असाच गिऱ्हाइकाच्या कुशीत जन्मतो असं मला वाटतं, कारण इन्स्ट्रुमेंट विकून भागत नाही, रात्री दोनला ते बंद पडलं की स्कूटरवर अर्ध्या तासात पोचावं लागतं.

बडोद्याचं तेच आहे ना. एका बाजूला सयाजीरावांनी १८९० ला काढलेलं कलाभवन, हाताने काम करणारी शिकलेली माणसं तयार करणारं, दुसऱ्या बाजूला १९०७ ची औषधांची कंपनी अलेंबिक, जिच्या संस्थापकांत गज्जर आणि अमीन यांच्याबरोबर कोटीभास्कर होते, मग ६० च्या दशकात खताचा कारखाना जीएसएफसी, कोयलीची रिफायनरी १९६५ ला, १९६९ ला पेट्रोकेमिकलवाली आयपीसीएल. एवढे टँक, एवढे बॉयलर, एवढ्या पाइपा, त्यामुळे मकरपुरा आणि गोरवा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतींत, गल्लीगल्लीत गेज (दाब दाखवणारी काट्याची तबकडी) दुरुस्त करणारे, तापमान मोजायची थर्मोकपल बनवणारे, कॅलिब्रेशन करून सर्टिफिकेट देणारे झाले. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात त्या काळी तीन घरांत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते, म्हणजे लग्नात मुलीकडच्यांना "मुलगा इन्स्ट्रुमेंटेशनला आहे" सांगितलं की पुढचं विचारायचे नाहीत.

त्या तीन घरांतले एक आमचे काका. एका मोठ्या प्लँटला नोकरी, हात सोन्याचा, गेजचा काटा मागेपुढे का होतो ते कानाजवळ धरून सांगायचे (हे मी लहानपणी खरं मानायचे, मोठेपणी कळलं की ते आधीच बोटाने टिचकी मारून बघायचे). नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी घरी लोकांची प्रेशर गेज उघडून बसायचे. बोर्डन ट्यूब म्हणजे ती आत वाकवलेली चपटी पितळी नळी, प्रेशर आलं की सरळ व्हायला बघते, तिला लहान दांडी, दांडीला दात, दातावर काटा. काकूच्या स्वयंपाकघरातल्या ताटात या नळ्या मांडलेल्या असायच्या आणि "ताटाला हात लावाल तर बघा" ही घरातली सगळ्यात मोठी धमकी.

काकांचे भागीदार झाले ते शेठ. मांडवीकडे त्यांचं व्हॉल्व्ह-फिटिंगचं दुकान, काका तिथे सामान घ्यायला जायचे. वयाने काकांपेक्षा बरेच मोठे, वीसेक वर्षांनी तरी. एकदा सेव उसळ खाता खाता शेठ म्हणाले, "तारूं मगज, मारो गल्लो," आणि झाली भागीदारी, एवढंच. कागद नंतर केले. मकरपुऱ्यात भाड्याने शेड घेतली, आणि बोर्डावर नाव लागलं फक्त शेठचं, कारण काका अजून नोकरीत होते, नोकरीत असताना स्वतःच्या आडनावाचा बोर्ड कसा लावणार. शिवाय पेंटर अक्षरावर पैसे घ्यायचा आणि आमचं आडनाव लांबलचक आहे, हेही एक कारण होतं असं काकू म्हणते. तर एल. हाउझरवर काका का हसले ते कळलं असेलच.

काकांनी नोकरी सोडल्यावर बोर्डावर त्यांचं नाव आलं खरं, पण जागा कुठे होती? शेठचं आडनाव मधोमध मोठ्ठं रंगवलेलं, म्हणून उजवीकडे उरलेल्या पट्टीत "अँड" आणि आमचं आडनाव बारीक अक्षरांत कोंबलं. लांबून बघितलं तर वाटायचं शेठच्या नावाला शेपूट आहे. माझ्या वडलांना याचा फार राग, सगळं काम आमचा भाऊ करतो आणि नाव त्यांचं मोठं. मी पण लहानपणी वडलांच्याच बाजूची. आता नाहीये.

बाजू बदलली ती मळीच्या टँकमुळे. मी नवीन नवीन काकांबरोबर जायला लागले होते, शहराबाहेर एका कारखान्यातून फोन आला की मळीच्या टँकची लेव्हल चाळीस टक्क्यांवर अडकलीये, माल काढून टाकी रिकामी केली तरी पॅनेलवर चाळीस. प्रोब कुठल्या मेकचा ते सोडा, दोष त्याचा नव्हताच. कपॅसिटन्सवालाच होता, वरून सोडलेली टेफ्लॉन चढवलेली सळई. मॅनहोलमधून टॉर्च मारली तर तळ दिसतोय, आणि खाली कंट्रोल रूममधला माणूस ओरडून सांगतोय, "चाळीस, चाळीस." मळीला वीज बऱ्यापैकी वाहते, आणि चिकटपणात तिचा हात धरणारं कोणी नाही. महिनोन्महिने ती सळईवर थरावर थर बसत गेली होती, वर नोझलपाशी, म्हणजे प्रोब बसवलेल्या टाकीच्या तोंडापाशी, तर अंगठ्याएवढा जाड काळा गोळा होऊन तो थेट टाकीच्या पत्र्याला जाऊन चिकटलेला. सळईला बिचारीला काय कळणार माल कुठे आणि मळ कुठे, अंगाला लागलंय म्हणजे माल आहे.

काकांनी लाकडी पट्टीने खरवडायला सुरुवात केली, लोखंडी नाही, टेफ्लॉनला चरा पडला की प्रोब गेला. मी गरम पाणी ओतत होते. एक ढेकूळ सुटलं की खालून आवाज, "छत्तीस!" मग "एकतीस!" पंधरा मिनिटं हे चाललं, घामाने आणि मळीच्या वासाने माझं डोकं फिरलेलं, माझ्या ओढणीचं एक टोक मळीत भिजलं होतं आणि ते शेवटपर्यंत निघालं नाही. शेवटी नोझलमधला तो गोळा सुटून खाली पडला, थप्प असा आवाज आला आणि खालून आरोळी, "झीरो!"

आणि मग कारखान्याच्या साहेबांनी पैसे दिले नाहीत. म्हणाले इन्स्ट्रुमेंट तर बरोबर होतं, तुम्ही नुसतं पुसलंत, पुसण्याचे कसले पैसे? काका तिथे एक शब्द बोलू शकले नाहीत, ते असेच, कामाचं बोलतील तासभर पण पैशाचं काढलं की खाली बघणार. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः गेले, धोतर, काळी टोपी, हातात बिलबुक. काय बोलले ते मला माहीत नाही. परत आले ते चेक घेऊन आणि वर वर्षभराच्या मेंटेनन्सचं कंत्राट घेऊन, दर महिन्याला प्रोब पुसण्याचं! तो टँक आमच्याकडे नऊ वर्षं होता. शेठना गेजवरचा बार आणि पीएसआय या दाबाच्या दोन मापांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही, पण पुसण्याचे पैसे असतात हे त्यांना कळत होतं आणि आम्हाला नाही.

म्हणून मी म्हणते त्या अधिकच्या चिन्हाकडे नीट बघा. हाउझर १९७५ ला गेले. त्यानंतर कंपनी पूर्ण एन्ड्रेस कुटुंबाची झाली, हाउझरांचा वाटा राहिला नाही. गेओर्ग एन्ड्रेसना आठ मुलं, घरचीच माणसं भरपूर, १९९५ ला मुलगा क्लाउस प्रमुख झाला, २०१४ ला पहिल्यांदा घराबाहेरचा माणूस प्रमुखपदी बसवला, गेओर्ग स्वतः २००८ ला गेले. मुख्यालय आता स्वित्झर्लंडला रायनाखमधे, जगभर सोळा हजारांच्या वर माणसं, शेअर बाजारात नाही, अजून घरचीच. एवढ्या सगळ्या वर्षांत हाउझर हे नाव काढून टाकायला कोणाची ना नव्हती, नवा लोगो, नवी लेटरहेडं, खर्चाला निमित्तच हवं असतं. नाही काढलं. अर्ध्या शतकाच्या आधी गेलेल्या बँकवाल्याचं नाव आज वाळूजच्या कारखान्यातून निघणाऱ्या, प्रवाह मोजायच्या फ्लोमीटरवर पण येतं, हो, औरंगाबादला, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरला, त्यांचा कारखाना आहे. तिथून आलेलं खोकं उघडताना मला दरवेळी हे आठवतं आणि दरवेळी मी कोणालातरी ते सांगते, लॅबमधले कंटाळलेत.

तसं या धंद्यात माणसांची नावं जागोजागी आहेत, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. बोर्डन ट्यूब मघाशी म्हटलं ना, तो युजीन बोर्डन, पॅरिसचा, १८४९ चं पेटंट, आणि आता "बोर्डन बदल" म्हणताना तो माणूस होता हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. क्रोने ही मोजमापवाली कंपनी बघा, १९२१ ला लुडविग क्रोनेने जर्मनीत डुइसबर्गला काढलेली. विका ही गेजवाली कंपनी तर मला वर्षानुवर्षं आपलाच मराठी शब्द वाटायचा, विका म्हणजे विकून टाका! ते विगांड आणि काखेल, १९४६, दोघांची पहिली अक्षरं जोडलेली. तिथेही दोघंच.

ट्रेनी पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मॅडम तुमच्या काकांच्या बोर्डाचं काय झालं?" प्रश्न पहिल्यांदाच वेळेवर आला.

शेठ जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मुलं कॅनडात, त्यांनी वाटा काकांना देऊन टाकला, कागद झाले, पैसे चुकते झाले. माझा चुलतभाऊ आता शेड बघतो, मागच्या दिवाळीला त्याने पेंटर बोलावला कारण बोर्डाचे पोपडे निघत होते, आणि काकांना म्हणाला बाबा आता आपलं एकट्याचं नाव मोठं घालू या, नाहीतर निदान दोन्ही सारखी तरी करू. काका खुर्ची टाकून शेडसमोर बसले होते, ब्याऐंशी वर्षांचे, एका कानाने ऐकू येत नाही. पेंटरला म्हणाले, आहे त्याच्यावरच हात फिरव. पेंटर म्हणाला, काका, हे मागचं नाव फार बारीक आहे, रस्त्यावरून वाचता येत नाही.

"राहू दे नाही येत तर," काका म्हणाले, "पुढचं नीट काढ. काना लांब आहे त्यांचा."